बाबांच्या हाती लागलेलं सातवं पुस्तक

हुडकेश्वर, नागपूर
२८ जुलै २०२४

चि. मोनाली हिस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

वर्षभरात बारा प्रकारची बारा पुस्तकं आणि प्रत्येकावर तुला एक पत्र, हा तुझा हुकूम मी जूनपर्यंत पाळला. जन्मभर वैचारिक ग्रंथांपलीकडे न गेलेला माणूस प्रवासवर्णनात रमला, कवितेपुढे मात्र हात टेकले. जुलैत विज्ञान होतं. विहाराच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं मीच खाकी कव्हरात बांधली, वर फक्त नंबर टाकले. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं काढलेल्या माणसाची शिस्त, दुसरं काय! चष्मा घरी राहिला होता. ग्रहताऱ्यांच्या पुस्तकाऐवजी दुसरंच घरी आलं. उघडतो तर बायकांच्या आजारांचं! हाती आलेलं अर्धवट सोडायचं नाही, या नियमातून एवढी एक सूट दे.

पावसाळा लागला, वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं, पण तुझी आई विहारात येत नाही. काहून येत नाही विचारलं, तर गुडघे म्हणते. लवकर थकतेही. पत्राची वाट पाहतो, माया आहेच.

तुझा बाबा,
प्रेमानंद

नाशिक
३ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

सूट मिळणार नाही. कवितेच्या वेळीही तुम्ही असेच रडला होता. घरात बायको आणि लेक असलेल्या माणसाला एवढी लाज कशाची? खाकी कव्हर आहेच, कोणाला कळणार?

आईची मात्र काळजी वाटते. फोनवर बरी आहे म्हणते आणि लगेच माझ्या जेवणाचं विचारते. गुडघे दुखत असते, तर ती आल्यागेल्याला सांगत सुटली असती. तुम्ही तिच्याकडे नीट लक्ष द्या. रागावू नका, लोभ वाढवा.

तुमची,
मोनाली

हुडकेश्वर, नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

काल माझा शेवटचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. त्या वाटेला लागलेल्या पेशी होत्या, त्या गर्भपिशवीबरोबर गेल्या. वेळेत आलात, असं डॉक्टरबाई दोनदा म्हणाल्या. तुझ्या बाबांनी इतवारीतून पेढे आणले आणि अर्धे स्वतःच खाल्ले.

ऑपरेशनला तू आठ दिवस राहून गेलीस, पण दवाखान्याच्या गर्दीत एक गोष्ट सांगायची राहिली. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तरी सात महिने मला रक्त जात होतं. गुडघे हे निमित्त होतं. बाहेर कुठे डाग पडला तर, म्हणून विहारात जाणंही सोडलं होतं. तुझं पत्र आलं आणि चारच दिवसांनी हे स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन आले. तोंडानं बोलवेना, म्हणून विहारात वाचतात तशा खणखणीत आवाजात त्यांनी पाळी गेल्यावरही रक्त जाण्याबद्दलचं पान वाचलं. शेजारच्या अरुंधतीनं खिडकीतून डोकावून पाहिलं! मग मान खाली घालून, असं काही तुले होऊन राहिलं का वं, असं हळूच विचारलं.

मी रडत रडत सगळं सांगितलं. हे उलटा सदरा घालून ऑटो आणायला धावले.

लोक विचारतात, रिपोर्ट ऐकून किती हलकं वाटलं असेल. खरं सांगू? सात महिने मी ते भय एकटीनं उराशी धरून बसले होते. त्या दिवशी ते दोघांचं झालं आणि मी तेव्हाच सुटले.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच राहील.

तुझी आई,
कौसल्या