तीन माणसांची सीट

मंगळवार, १२ मार्च

चि. ढब्बूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि दोन्ही पिकअपचे फोटो मिळाले. तुम्ही तिघं मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. चिमीचा दात पडला, तोही म्हणे जत्रेत आपल्या चक्रीच्या लाकडी घोड्यावर बसल्या बसल्या! पोरगी शोभते आपल्या घरची. मी ठीक आहे. खोलीची मालकीण दिवसभर मशीनवर कपडे शिवते आणि तोंडाने अख्ख्या गल्लीला फाडते, त्यामुळे करमणुकीला तोटा नाही.

आता गाडीचं. अरे, तू मोठा कधी होणार? चाळिशी आली तरी चकचकीत पत्रा दिसला की पाघळतोस. शोरूमवाला म्हणाला, "अडीच टन ओढते," आणि तू लगेच मान डोलावलीस. ओढते ना, खोटं नाही बोलला तो. आपली चक्री ट्रॉलीसकट दोन टनांची, ती दोन्ही गाड्या ओढतील. पण ओढणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं, हे बाबा ओरडून ओरडून सांगायचे आणि तू तेव्हा भिंगरी फिरवत बसायचास. ड्रायव्हरच्या दाराच्या आत एक छोटी पाटी असते, ती वाच. गाडीने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं ते तिथे लिहिलेलं असतं. त्यात मागच्या उघड्या हौद्यातलं सामान आलं, आत बसलेली माणसं आली, आणि सगळे विसरतात ते ट्रॉलीचं नाकसुद्धा आलं. ट्रॉली हुकावर टेकते तिथे तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीवर येतो. म्हणजे दोनशे किलो गेले, आणि अजून तू बसलाही नाहीस. तू बसल्यावर काय होतं ते लिहीत नाही, शेजारी बायको वाचत असेल.

जुन्या गाडीचं आठवतंय ना? इंजिन कसं झकास ओढत होतं. पण चढावर वजनाने मागचे स्प्रिंगचे पाटे बसले, पुढची चाकं हलकी झाली, मी स्टेअरिंग फिरवतेय आणि गाडी आपली सरळ नाल्याकडे. चिमी मागे गाणं म्हणत होती. तिला कळलंसुद्धा नाही. मला मात्र अजून ते हलकं स्टेअरिंग हातात जाणवतं.

म्हणून सांगते, डबल कॅबिन नको. मागची सीट, दोन जादा दारं, वरचा पत्रा, हे सगळं गाडी आधीच अंगावर घेऊन उभी असते. मग तुझ्यासाठी उरतं काय? अशा गाडीच्या पाटीवर सातशे किलो. त्यात नाक, जनरेटर, तुम्ही तिघं, आणि आपले आठ घोडे. बाबांच्या नियमाने घोडे ट्रॉलीत लोखंडाशेजारी जायचे नाहीत, चादरी गुंडाळून आपल्याबरोबर हौद्यातच जायचे. बेरीज करून बघ, सातशेच्या वर जाते. सिंगल कॅबिन घे. हौदा लांब, वजन जास्त घेते, पुढच्या सलग सीटवर तुम्ही तिघं आरामात मावता.

तू लिहिलंयस, "ताई, मागची सीट पूर्ण आडवी होते, तुला झोपून येता येईल." वाचलं मी. फोटोत त्या सीटभोवती पेनाने गोल केलायस तोही बघितला. मालकिणीला दाखवला. ती म्हणाली, "काय भाऊ आहे हो तुमचा!" आणि मशीन थांबवून डोळे पुसत बसली. मीच तिला चहा करून दिला.

आणि काय रे, माझं वजन साठ धरलंयस? कुठल्या जमान्यातलं?

ढब्बू, मघापासून तुला शहाणपण शिकवतेय, पण एक गोष्ट लपवली. घोडे ट्रॉलीत नीट बांधले, वजन चाकांच्या वर राहील असे, तर डबल कॅबिनमध्येही सगळं बसतं. मीसुद्धा बसते. दोनदा बेरीज करून बघितली. बाबांचा नियम काय, बाबा गेले आणि लाकडी घोड्यांना काही कळत नाही. हे तुला सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. तू ऐकशील, ती गाडी घेशील, आणि मग ती रिकामी सीट घेऊन गावोगाव फिरशील, ते मला नको होतं.

मागच्या आठवड्यात नर्सने काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस. डॉक्टर आता औषध बदलत नाही, "काय खावंसं वाटतं ते खा" म्हणतो आणि माझ्याकडे न बघता हात धुतो. जिना उतरणं बंद झालंय. हे पत्रही तीन दिवस लिहितेय, तारीख पहिल्या दिवसाची आहे.

मला यायचं होतं रे. तिकिटांच्या खिडकीत बसायचं होतं, तुझ्यावर खेकसायचं होतं, चिमीला हुक लावायला शिकवायचं होतं. ते तू शिकव. हुक लागला की साखळी ओढून बघायची, नुसतं बघून चालत नाही. मला भीती वाटते, ढब्बू. दिवसा मशीनचा आवाज असतो तोवर बरं असतं.

गाडी ठरेल, कागद होतील, हुक बसेल, मग महिनाअखेरीला तू येणार. तेवढं थांबणं माझ्याच्याने होणार नाही. गाडीची वाट बघू नकोस. मिळेल त्या बसने ये, एकटा ये, पत्र मिळाल्याबरोबर नीघ. आणि आल्यावर "किती बारीक झालीस" असं म्हणू नकोस.

सीट तिघांचीच घे.

तुझी वाट बघणारी,
ताई