चौघांची वाटणी होणार नाही

मी खाली सही करणारी, वय छत्तीस, काम घरचं आणि शिलाईचं, चार मुलं घरात असताना डोकं जेवढं ठिकाणावर राहतं तेवढं ठिकाणावर ठेवून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. त्यांचं काय जातंय म्हणायला!

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या वडिलांनी माझ्या नावे केल्या आहेत. त्या चारही मुलांच्या, समान हक्काने. धाकटा अठरा वर्षांचा होईपर्यंत विकू नयेत. न्हाणीघराची आतली कडी मी मुद्दाम काढली आहे, कारण तिसरी स्वतःला कोंडून घेते. ती परत बसवू नये.

कलम २. शिलाई मशीन मोठ्या मुलीला. ती नऊ वर्षांची आहे. अठराची होईपर्यंत तिच्याकडून एक टाकाही घालून घेऊ नये. हे थोरल्या जाऊबाईंसाठी लिहिलं आहे. गेल्या रविवारी त्या आल्या, तेव्हा पडद्याआड मी जागी होते. "मोठी मला द्या, हाताखाली येईल," म्हणाल्या. नणंदेने धाकटा मागितला, "त्याला आई आठवायची नाही." मधल्या दोघांचं नावही कोणी काढलं नाही. आमचे हे चहा पीत म्हणाले, "बघू." अहो, मी अजून जिवंत होते!

कलम ३. कपड्यांविषयी. चौघांचे कपडे मी एकाच ताग्यातून बेतते, म्हणजे गर्दीत एका नजरेत मोजता येतात. लोक बँडवाले म्हणून हसतात. हसोत बापडे. उरलेल्या कापडाचा एक शर्ट मी शेजारच्या मुलाला दिला होता. एकदा हे बालवाडीतून त्यालाच हाताला धरून घरी घेऊन आले. तोही बिस्किटाच्या आशेने खुशाल आला. "शर्ट आपलाच होता ना?" म्हणे. आपला धाकटा तिकडे फाटकापाशी रडून रडून झोपला होता. सासूबाईंना अजूनही हे आठवलं की हसू येतं. मला येत नाही. शेजारच्यांचा शर्ट परत मागू नये.

कलम ४. चौघांचा सांभाळ माझ्या धाकट्या बहिणीने करावा, एकत्र, याच घरात. चौथ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती तोंडावर म्हणाली होती, "ताई, पोरं वाढवतेस की रांग लावतेस?" चार वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. ते मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण आजाराचं कळल्यावर ती न बोलावता आली, वही काढून बसली आणि कोणाला काय चालत नाही ते तिने एकेकाचं लिहून घेतलं. दुसऱ्याला दुधावरची साय दिसली तरी उलटी होते, हे त्याच्या बापाला अजून माहीत नाही. "नेईन तर चौघांना," ती म्हणाली. मला तेवढंच ऐकायचं होतं.

कलम ५. ह्यांनी सही करण्याआधी हा कागद वाचावा. वाचून "माझी पोरं मी कोणाला देणार नाही" असं एकदा जरी म्हणाले, तरी कलम ४ रद्द समजावं. मला आनंदच होईल. हे खरंच मनापासून लिहिते.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल. सोमवार, दुपार.

सही: चौघांची आई.

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. २. कोपऱ्यावरचे बटणवाले काका.

पतीची संमती: दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. कागद दहा मिनिटं त्यांच्यापुढे उघडा होता. "कुठे करू?" एवढंच विचारलं. कलम ४ कायम.