मुंगीच्या स्टेशनचं कार्ड

५ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि कार्यक्रमांचा तक्ता मिळाला. पंधरा फेब्रुवारीला तुमचं रेडिओ स्टेशन कायमचं बंद होणार हे वाचून तुझी वहिनी हळहळली. मी मात्र घाईला लागलो. सव्वीस वर्षं तू तिथला ट्रान्समीटर सांभाळतेस आणि इतक्या वर्षांत तुझं स्टेशन मला एकदाही लागलेलं नाही. समुद्रापलीकडची, भाषाही कळत नाही अशी स्टेशनं माझ्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर लागली, ऐकल्याची पोच म्हणून त्यांनी धाडलेली कार्डं डब्यात जपून ठेवली आहेत, आणि सख्ख्या बहिणीचं तेवढं नाही. तुमचा जेमतेम एक किलोवॉटचा जीव, मध्ये हजार किलोमीटर, हे मान्य.

तर कळवण्यास आनंद होतो की काल, चार तारखेला, पहाटे सहा वाजून दोन मिनिटांनी ते लागलं. निवेदिकेने स्टेशनचं नाव सांगितलं, मग हवामान, मग बासरी. आवाज खणखणीत. रीतसर अहवाल सोबत जोडला आहे, कार्ड लवकर धाड. गुडघा दुखत असताना मशीनमागे वाकून बसू नकोस.

पत्राला उशीर झाला तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल पोचला. कार्ड पाठवत नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

चार तारखेला पहाटे आमचा मुख्य व्हॉल्व्ह गेला. साडेआठपर्यंत मी मशीनच्या पोटात हात घालून बसले होते आणि मनोरा ठार मुका होता. सहा वाजून दोन मिनिटांनी आमच्याकडून साधी खरखरही निघाली नाही. तू जे लिहिलंस ते मी पाठवलेल्या तक्त्यात ओळीने जसंच्या तसं आहे.

लांबचं स्टेशन लागलं की वेळ आणि जे कानांवर पडलं ते लिहून कळवायचं, आणि नोंदवहीशी जुळलं तरच स्टेशनने कार्ड द्यायचं, हे मी नववीत असताना तूच मला शिकवलंस. एकदा मी अंदाजाने गाण्याचं नाव ठोकून दिलं, तर तू कागद फाडलास आणि दोन दिवस मला रेडिओला हात लावू दिला नाहीस. घड्याळजी माणूस तू, सेकंदाची लबाडी तुला खपत नाही. म्हणून तुझी थाप वाचून हसू आलं नाही, भीती वाटली. काय झालंय ते सांग. वहिनीला नमस्कार.

तुझ्या खऱ्या उत्तराची वाट पाहणारी,
मुंगी

२१ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

चोरी पकडलीस. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो, आज लिहितो. मला ऐकू येत नाही. वर्षभर कमी कमी होत गेलं. आता आवाज झाला एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने किल्लीचं घड्याळ नुसतं साफ करायला दिलं. कानाला लावलं, टिकटिक येईना, म्हणून बंद पडलंय समजून उघडलं. आतलं चक्र मजेत फिरत होतं. मी झाकण लावलं, दुकानाचं शटर ओढलं आणि भरदुपारी घरी आलो.

तुझ्या वहिनीला पत्ता नाही. चाळीस वर्षं मी तिचं ऐकत नाही अशीच तिची तक्रार असल्याने तिला काही फरक जाणवला नाही.

पहाटे रेडिओपाशी मात्र अजून बसतो. डायलशेजारी तो हिरवा मॅजिक आय आहे ना, तो बघत राहतो. लहर जोरात आली की त्यातली काळी फट मिटते, गेली की उघडते. तुमच्या जागेवर काटा नेला की फट थोडी मिटते. पण ते तुमचंच स्टेशन, हे नाव ऐकल्याशिवाय कसं म्हणणार? तुमचं स्टेशन बंद व्हायच्या आत माझे कान बंद झाले, मुंगे. एक कार्ड हवं होतं म्हणून थाप मारली. फार लाज वाटते.

खोटारड्या भावावरही थोडा लोभ राहू दे.
दादा

२९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. वर्षभर हे एकट्याने गिळलंस आणि मला माझ्या गुडघ्याबद्दल विचारत राहिलास. वहिनीला सांग. दोन दिवस आदळआपट करेल आणि तिसऱ्या दिवशी हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेईल. तू सांगितलं नाहीस तर मी लिहीन. याला धमकी समज.

आता कामाचं. पंधराच्या पहाटे, कार्यक्रम सुरू होण्याआधी, पावणेसहा ते सहा चाचणीची वेळ माझ्या ताब्यात असते. तेव्हा मनोऱ्यातून नुसती कोरी लहर जाते, बोलणं नाही की गाणं नाही. ती मी तोडेन आणि जोडेन. किती वेळा आणि किती सेकंद, ते सांगणार नाही. साहेबांना विचारलं, तर शेवटच्या दिवशी तुम्ही काय चालू-बंद करता ते बघायला मी एवढ्या लवकर उठणार नाही म्हणाले. तुमच्याकडे तेव्हा अंधारच असेल, ते बरं आहे. ऊन चढलं की एवढ्या लांबचं काही पोचत नाही.

दिसेल तेवढंच लिही. नाही दिसलं तर तसं लिही. तुझ्या बहिणीला दोन्ही चालेल.

आहे तसाच राहा, फक्त लपवू नकोस.
मुंगी

१५ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

वहिनीला सांगितलं. आदळआपट दोन नाही, चार दिवस चालली. डॉक्टरांकडे सोमवारी जायचं आहे. आज पहाटे ती माझ्याआधी उठून रेडिओपाशी येऊन बसली. मी मॅजिक आय बघायचा, बोट वर करायचं, तिने घड्याळ वाचून टिपायचं, असं ठरलं.

पाच पन्नासला फट जवळजवळ मिटलेली होती. पाच बावन्नला एकदम उघडली, दहा सेकंदांनी मिटली. चौपन्नला तसंच, छप्पनलाही. अठ्ठावन्नला मात्र वीस सेकंद उघडी राहिली. वहिनीने माझा दंड धरला, तिला वाटलं आता गेलंच, पण लहर परत आली. एरवी लहर हळूहळू विरते, अशी कात्रीने कापल्यासारखी तुटत नाही. ती तूच होतीस. सव्वीस वर्षांनी तू माझ्या खोलीत आलीस, मुंगे.

नोंदी चार. त्यापुढे सहापर्यंत आणखी एखादी झाली असल्यास मला सांगता येणार नाही. माझे डोळे भरून आले होते आणि तुझी वहिनी घड्याळ सोडून माझ्याकडे बघत होती. अहवाल त्यामुळे अपुरा आहे. कार्ड द्यायचं की नाही, ते तू ठरव.

नियमात बसेल तेवढीच माया कर.
दादा

२३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कार्ड आहे. शिक्का पुसट उमटला, कारण शाई वाळली होती आणि नवी मागवायला आता कुणी साहेब नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव. तू गाळशील ते वहिनीने लिहावं.

नोंदवही उघडून तुझा अहवाल ताडून पाहिला. चारही वेळा जुळल्या. पाच वेळा तोडायचं असं मी ठरवलं होतं. सहाला मिनिटभर कमी असताना बटणावर हात ठेवला. त्या रात्री ही लहर कायमची जाणारच होती, मग तू तिकडे बघत असताना ती आपल्या हाताने आणखी एकदा तोडावीशी वाटेना. मी हात काढून घेतला आणि सहा वाजेपर्यंत नुसती उभी राहिले.

पाचवी नव्हतीच, दादा. तुझ्याकडून काही सुटलं नाही.

तुझी
मुंगी