डाव्या खांद्याचा दावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, विमा कंपनीतून निवृत्त झालेली दावे तपासनीस, हे मृत्युपत्र राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. न तपासताच ते दाखला लिहायला बसले होते, मी आधी तपासायला लावलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा प्रयत्न झाला, त्याची नोंद पुढे येईल. याआधीची दोन मृत्युपत्रं मी स्वतः फाडली आहेत. आणखी एखादं कोणी पुढे केलं तर सही नीट तपासावी.

कलम एक. हा दोन खोल्यांचा फ्लॅट सामानासह माझ्या पुतणीला द्यावा. तिच्या वडिलांशी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांशी, माझा अबोला असूनही ती येते, आणि आल्यावर भिंतींकडे न बघता माझ्याकडे बघते.

कलम दोन. तिच्या भावाला माझ्या पतींची स्टीलची मोजपट्टी द्यावी. मागच्या खेपेला तो हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं टाकत गेला. विचारलं तर म्हणाला, "काकू, पाय मोकळे करतोय." चौदा पावलं झाली, आणि वळताना ओठ हलत होते. फ्लॅट आत्ताच त्याच्या नावावर केला तर पुढची दगदग वाचेल, असंही त्यानं दोनदा सुचवलं. मोजपट्टीनं काम अचूक होईल.

कलम तीन. पती दातांच्या कवळ्या बनवत. त्यांची हत्यारं त्यांच्या भागीदाराला द्यावीत. छोटी कानस त्यानं आधीच नेली आहे. त्याला वाटतं मला माहीत नाही.

कलम चार. व्हिडिओ कॅसेट, नग एक, आणि ती चालवणारं यंत्र. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

भाऊजी जहाजावर इंजिनियर होते. जपानच्या एका बंदरात त्यांनी ही कॅसेट घेऊन आपल्या दादाला पाठवली. तिच्यात विजेतेपदाच्या पट्ट्यासाठीची एकच कुस्ती आहे, एक्केचाळीस मिनिटांची. फ्रीस्टाईल म्हणतात ती. पट्टा राखणारा पहिलवान वयानं मोठा, आव्हान देणारा तरुण. निवेदन जपानी, त्यामुळे नावं कधी कळली नाहीत. हे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत, आणि दर रविवारी दुपारी पडदा ओढून बघत बसत. मी म्हणायचे, सगळं आधीच ठरलेलं असतं. हे म्हणायचे, असेल, तू बघ तरी.

निवृत्त झाल्यावर बघितलं. वही घेऊन, सलग अकरा रविवार. मानेला पट्टा बांधून आलेल्या दावेदाराला भरलेलं पोतं उचलताना पकडण्यात माझी हयात गेली. दोन पहिलवानांचं ढोंग उघडं पाडणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

पहिली दहा मिनिटं दोघं नुसते एकमेकांचं मनगट धरून असतात. प्रेक्षकांतला खोकलासुद्धा ऐकू येतो. मग थोरला धाकट्याच्या डाव्या हाताच्या मागे लागतो. पिरगाळतो, दोरावर ताणतो, सोडतच नाही. लोक आधी कुजबुजतात, मग पाय आपटतात, मग उभे राहतात. हे बेतलेलं आहे, असं मी वहीत लिहिलं. कसब आहे, हेही लिहिलं, पण पेन्सिलीनं.

एकोणतिसाव्या मिनिटाला धाकटा दोरात अडकून वेडावाकडा पडतो, डाव्या खांद्यावर. खोटं दुखतं तेव्हा माणूस तोंड वाकडं करतो. खरं दुखतं तेव्हा चेहरा कोरा होतो. त्याचा चेहरा कोरा झाला. पुढची बारा मिनिटं थोरला त्या हाताला बोटही लावत नाही. तुटून पडतो, उचलून आपटतो, पण दरवेळी उजव्या अंगावर उतरवतो. लोकांना पत्ता लागत नाही. शेवटी धाकट्याला चीत करतानाही त्याच्या डाव्या खांद्याखाली स्वतःचा तळहात ठेवतो. पंच तीन मोजतो. पट्टा घेऊन माणसं येतात, तर थोरला कॅमेऱ्याकडे पाठ करून धाकट्याला आडोसा देत बसून राहतो.

मी यांना टेप थांबवून दाखवलं. खांदा जमिनीला टेकलेलाच नाही, निकाल खोटा, दोघं सामील.

हे म्हणाले, "पकडलंस. आता दावा नामंजूर कर."

माझ्याच्यानं होईना. मग हे चहासाठी उठले, आणि उठताना यांचा चेहरा कोरा झाला.

वही उलटी करून मी मागच्या पानापासून नवी चौकशी सुरू केली. बुटाची नाडी आता बसून. जड पिशवी दर वीस पावलांनी या हातातून त्या हातात. दर मंगळवारी भाऊजींबरोबर जुन्या मित्राकडे जाणं, आणि परत आल्यावर दंडावर कापसाचा बोळा. दुखत नसताना दुखतं म्हणणारे मी आयुष्यभर पकडले. दुखत असताना नाही म्हणणारा घरातच होता. भाऊजींना गाठलं. ते म्हणाले, "वहिनी, दादानं शपथ घातलीय. तुम्हाला कळलं तर तुम्ही चौकशी सुरू कराल म्हणाला."

यांना मी सात महिने काही विचारलं नाही. पिशवी मी घ्यायचे, कारण न सांगता. मंगळवारी मित्राची खुशाली विचारायचे. हे सांगायचे, बरा आहे. मला कळलंय हे यांना कळलं होतं, असा माझा दाट संशय आहे. पुरावा नाही.

हे गेल्यावर सगळा राग भाऊजींवर निघाला. पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलं, म्हणून नऊ वर्षं अबोला धरला. दिलेला शब्द पाळला, एवढाच त्यांचा गुन्हा. तो निकाल मी मागे घेते. कॅसेट, यंत्र आणि वही भाऊजींना द्यावी.

दुरुस्ती. वरील कलम वाचून, मसुदा तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "हे तुमच्या माघारी कळून त्यांना काय उपयोग?" यात त्यांचा काही फायदा आहे का, ते मी तपासलं. दिसला नाही. साक्षीदार यायला पाऊण तास होता, तेवढ्यात फोन लावला. माझा आवाज भाऊजींनी लगेच ओळखला. मग हळूच म्हणाले, "वहिनी, कोण गेलं?"

मी म्हटलं, "अजून कोणी नाही. रविवारी दुपारी या."

येतो म्हणाले. सबब कलम चारमधील तरतूद रद्द. कॅसेट मी त्यांच्या हातात देईन. ते न आल्यास कलम चार पुन्हा लागू समजावं.

लिहून ठेवणारीची सही व अंगठा, दोन्ही
साक्षीदार एक: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (वाचून सही केली)
साक्षीदार दोन: तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (न वाचता करत होत्या, वाचायला लावलं)
स्थळ: राहतं घर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१८, शुक्रवार