दुकानाच्या वेबसाइटचे पत्ते बदलले, त्याबद्दल

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो आहे आणि ताईही तुम्हाला तो चढू देते आहे, असं धरून चालतो. इकडे सगळं क्षेम आहे. नाही ते एकच, आणि ते तुमच्या पुतणीने केलेलं आहे. (ती मला मुलीसारखीच. म्हणून तर तक्रार बाहेर कुठे न नेता तुमच्याकडे आणली.)

आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान गल्लीत शेवटचं असलं तरी इंटरनेटवर पहिलं होतं, हे आपण जाणताच. कुणीही ‘मशीनचा दोरा सारखा का तुटतो’ असं शोधलं की सर्वांत वर माझा लेख यायचा. (तो मी अशा भाषेत लिहिला आहे, की तिसऱ्या परिच्छेदापर्यंत माणूस स्वतः दुरुस्ती करण्याचा नाद सोडतो आणि मशीन उचलून आमच्याकडे आणतो.) आमची चूल त्याच्यावर पेटते. मागच्या महिन्यात पुतणीबाई आल्या, लॅपटॉप उघडला आणि म्हणाल्या, “मामा, पानांचे पत्ते म्हणजे नुसते आकडे आहेत. वाचता येतील असे करू या.” इतकी वर्षं त्या आकड्यांनी कुणाचं काय बिघडवलं, असं मी विचारलं. तर म्हणे, धोका काही नाही, फक्त प्रत्येक जुन्या पत्त्यावर ‘आम्ही कायमचे इकडे राहायला गेलो’ अशी पाटी लावायची. म्हणजे गिऱ्हाईक आपोआप नव्या पानावर पोचतं आणि सर्च इंजिनही जुनी प्रतिष्ठा नव्या दारी नेऊन ठेवतं. (ह्याला रिडायरेक्ट म्हणतात. मी ‘पुनर्निर्देशन’ सुचवलं. ते ऐकून तिने पाणी मागितलं.)

इथवर पटलं. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, “जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी द्याल ना? जास्त लोक कुठल्या पानावर येतात, तेही लिहा.” भावोजी, न्यायशास्त्र शिकलेला माणूस धुरावरून अग्नीचं अनुमान करतो, इथे तर धूर लॅपटॉप घेऊन समोर बसला होता. हे जाणून घ्यायची गरज कुणाला? समोरच्या ओव्हरलॉकवाल्याला, तोही मशीनं दुरुस्त करतो. आणि त्याच्याच दुकानातून ही मुलगी बॉबिन घेऊन बाहेर पडताना मी पाहिली आहे. (आपलं दुकान त्या दिवशी बंद होतं, ही तिची सबब. बंद होतं, हे खरं आहे.)

पुढे जे व्हायचं तेच झालं. पत्ते बदलले आणि पंधरा दिवसांत दोऱ्याचा लेख शोधाच्या तिसऱ्या पानावर गेला. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसतं. सर्वांत वर कोण, हे लिहिणंही माझ्या जिवावर येतं. चार दिवसांत एक मशीन आलं, तेही शेजारणीचं, आणि तिला ते फक्त ठेवायला जागा हवी होती. बाकी पाट्या जागच्या जागी, नेमकी चालती पानंच बेपत्ता. ह्याला योगायोग म्हणायचं का? (आमची ही म्हणते, “आधी स्वतःचं तपासा.” हिची बाजू ही कधीच आमच्या बाजूची नसते.)

आपण वडीलधारे. तिला बोलावून सौम्य शब्दांत विचारा. ताईस नमस्कार.

आपला,
मशीनवाला

ता. क. सोबत बंद लिफाफा आहे. पत्ते एकूण एकेचाळीस. तिला मी चौतीस दिले. उरलेले सात, म्हणजे ज्यांच्यावर दुकान चालतं ते, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून दिलेच नाहीत. साहजिकच त्यांना पाटी लागली नाही. लिफाफा तिला द्या, आणि कुठून आला असं विचारलंच तर ऐकू न आल्यासारखं करा.

ता. क. दुसरा. लिफाफा चिकटवताना हिने सांगितलं, की सकाळीच माझं कपाट उघडून हिने ते सातही पत्ते पुतणीला फोनवर वाचून दाखवले. दुपारपासून पाट्या लागल्या आहेत. काही आठवडे जातील, पण लेख वर येईल, आणि मामांना काही बोलू नका, असंही पोरीने बजावलं म्हणे. लिफाफा तरीही पाठवतो आहे. हिने वाचलेले सात आणि माझे सात एकच आहेत का, तेवढं दोघींच्याही नकळत पडताळून कळवा.