घड्याळ चालू होतं

मोखाडा,
रविवार, ६ फेब्रुवारी १९५५

प्रिय सोमी,

तुम्ही सगळी बरी असाल. माझा खोकला थांबला आहे. शाळेत तपासणी होऊन गेली. हे पत्र भिकाच्या हाती देते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे जिव्याकाकांना वाचून दाखवायला तुला सोपं जाईल.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. बाबांच्या बाराव्याला घर सारवायला काढलं, तेव्हा भाताच्या कणगीत डॉक्टरसाहेबांचं सोन्याचं घड्याळ सापडलं, हे खरं. पण ते बंद होतं असं मी लिहिलं. ते बंद नव्हतं. चालू होतं.

तू भिकाकडून निरोप पाठवलास: "मास्तरणीला सांग, मेलेल्याच्या डोक्यावर घालायला सोपं असतं. जितं कोण हाय ते लिही म्हणावं." भिकाने तो बाजारात चार माणसांसमोर सांगितला. मला राग आला. मग घरी येऊन माझंच पत्र आठवून पाहिलं. सगळा दोष मी बाबांवर टाकला होता. राग गेला.

त्या घड्याळाला एकदा चावी दिली की दीड दिवस चालतं. बाबांना जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

मी आईला विचारलं. ती भात पाखडत होती. म्हणाली, "मास्तरीण झालीस, आता आयशीची झडती घेतेस?" मग सूप खाली ठेवून म्हणाली, "रोज सकाळी वीस फेरे. एकवीस नाही. तुझ्या बापानं शिकवलंय. मरायच्या दिवशी त्याचा हात चालंना, तवापासनं मीच देते."

बाबांना त्या घड्याळाचं काय होतं, ते तू पाहिलंच आहेस. आपण साखरशेतहून शाळेला निघायचो, तुझे बाबा, जिव्याकाका, पुढे, माझे मागे, मध्ये आपण दोघी. जव्हारला डॉक्टरसाहेबांच्या बंगल्याशी पोचलो की काका झाडू घ्यायचे आणि बाबा हात धुऊन, पुसून, घड्याळाला चावी द्यायला आतल्या खोलीत जायचे. एकदा त्यांनी मला ते तळहातावर ठेवून दाखवलं. रुपयासारखं पातळ, आत सेकंदाचं वेगळं चिमुकलं चक्र. डॉक्टरसाहेबांच्या वडिलांनी विलायतेहून आणलेलं. मागच्या झाकणात वडिलांचं नाव, त्याखाली डॉक्टरसाहेबांचं, आणि त्याखाली तिसऱ्या नावापुरती जागा. ती तशीच राहिली. त्यांना मूल नव्हतं. डॉक्टरसाहेब वारले तेव्हा डॉक्टरीणबाई बाबांना म्हणाल्या होत्या, "मंगळू, एवढं बंद पडू देऊ नकोस."

बाबांनी ते शब्दशः घेतलं, सोमी. संस्थान विलीन झालं, त्या मार्चात बाईंनी नाशिकला जायला सामान बांधलं. घड्याळ शनिवारी सकाळीच आतल्या खोलीतल्या पेटीत गेलं. गाड्या सोमवारी निघायच्या होत्या. मधल्या रविवारी चावी कोण देणार, म्हणून बाबांनी ते न विचारता काढून घरी आणलं. आई म्हणते, सोमवारी सकाळी ते परत ठेवायलाच निघाले होते. पण बाईंनी रविवारीच पेटी उघडून पाहिली होती. बाबा पोचले तेव्हा जिव्याकाकांना अंगणात उभं केलं होतं, आणि कारकून विचारत होता, आतल्या खोलीत कोण कोण गेलं. बाबांची जीभ उचलली नाही. घड्याळ तेव्हा त्यांच्या बंडीत होतं.

इथपर्यंत आईने सांगितलेलं. पुढचं मला कुणी सांगायची गरज नाही.

कारकुनाने बाबांची जबानी मागितली. बाबा कागद घरी घेऊन आले. "माझी पोर लिवते," असं त्याला अभिमानाने सांगून आले होते. मी कणगीला पाठ लावून बसले आणि ते सांगतील तसं लिहिलं: शनिवारी दुपारी जिव्या आतल्या खोलीत एकटा होता. ते खोटं नव्हतं. काका दर शनिवारी ती खोली झाडत. पण बाबा दर दिवशी तिथे एकटेच असत, हे मी लिहिलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक विचारलं. लिहिताना माझ्या पाठीमागे बारीक टिकटिक चालली होती. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, कणगीत काय वाजतंय?"

ते म्हणाले, "लिव तू."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. त्यांनी खाली अंगठा उठवला.

मी चौदा वर्षांची होते, काय वाजतंय ते मला कळलं होतं. त्या कागदावर काका चोर ठरले, त्यांना जव्हारात काम मिळेना, तुम्ही वांगणीला गेलात, आणि तुझी शाळा पाचवीत सुटली. त्याच बाकावर मी सातवी झाले आणि मास्तरीण झाले. सात वर्षं मी मनाशी म्हणत आले की तो आवाज भातातल्या किड्याचा असेल. तू गावच्या वाटेवर मला एकदा भेटलीस आणि मान वळवून गेलीस, तेव्हाही हेच म्हटलं.

आई म्हणते, घड्याळ नदीत टाक, नाहीतर तुझी नोकरी जाईल. जाईलही. रजेच्या अर्जात मी आधी 'घरगुती काम' लिहिलं होतं. ते खोडून 'चुकीची जबानी दुरुस्त करण्याकरिता' असं लिहिलं आणि हेडमास्तरांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

मी नवी जबानी लिहिली आहे. तिच्यात टिकटिकीचंही आहे, आणि खाली माझी सही. ती तुमच्या अंगणात, गावाला बोलावून, मी मोठ्याने वाचणार आहे. तुझ्या शेजारणी जे बोलतील ते ऐकून घेईन. मग काकांची इच्छा असेल तर त्यांना नाशिकला घेऊन जाईन. बाईंच्या हातात घड्याळ त्यांनीच द्यावं, आणि ते कुठे होतं ते मी सांगावं. काका नको म्हणाले तर मी एकटी जाईन. त्यांनी मला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही, तर वेशीवर उभी राहून वाचेन. माफी तुझ्याकडे मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही तुझ्यावर लादायचा मला हक्क नाही.

आई येणार नाही म्हणते. मी येते. रविवार, तेरा फेब्रुवारी, सकाळी, ऊन तापायच्या आत.

कमू