डावा पीळ

दि. ३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अकरा वर्षं झाकून ठेवलेली बाबांची जुनी मोटार अखेर मी शेडबाहेर काढली. बस डेपोत दिवसभर परक्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि घरची गंजू द्यायची, हे बघवेना. गिअरबॉक्स उतरवलाय, रविवारी उघडणार. उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटून गाडी भिंतीवर कशी गेली, ते मला पाहायचंच आहे. बाबा म्हणतात, भंगारात दे. काठी आपटत घिरट्या घालतात, पण जवळ येत नाहीत.

अपघाताआधी गिअरबॉक्स तुम्हीच जुळवला होता, तेव्हा काही सूचना असल्यास कळवा. आणि आता तरी या. तुमचे गुडघे नेमके आमच्याकडे यायचं म्हटलं की दुखतात, असं आई म्हणते.

तुमचा लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या.
छोटी

दि. ६ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गुडघे ठणठणीत आहेत. गिअर सरकवणाऱ्या चिमट्याचा बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्यातून तार ओवून पीळ देतात. त्या दिवशी मध्येच कुणी हाक मारली, मी उठलो, परत येऊन झाकण बसवलं. तार ओवल्याचं मला आठवत नाही. अपघाताचं कळलं तेव्हा पहिली ती तारच आठवली. दादाचा पाय माझ्यामुळे अधू झाला, या धास्तीने मी हत्यारं विकली आणि तुमचं दार टाळलं.

तार नसेल तर दादाला तूच सांग. माझी हिंमत नाही.

जमल्यास माया ठेव.
काका

दि. ११ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तार आहे. पण पीळ डावखुऱ्या हाताचा आहे, म्हणजे बाबांचा. मात्र झाकणात गिअर जागेवर अडकवणाऱ्या तीन पोलादी गोळ्या आणि त्यांना दाबणाऱ्या दोनच स्प्रिंगा निघाल्या. दुसऱ्या गिअरची गोळी दाबून धरायला काहीच नव्हतं, मग उतारावर तो सुटणारच.

बाबांना विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तुमचं काम मागून तपासायची त्यांना खोड. तुम्ही गेल्यावर त्यांनी झाकण उघडलं, तार नव्हती, ती घातली. त्या खटपटीत स्प्रिंग निसटली. अपघातानंतर ती कामाच्या बाकाखाली सापडली आणि त्यांनी खणात दडवली. लोकांनी तुमच्या कामाला नावं ठेवली, तुम्ही धंदा सोडला, तरी ते गप्पच राहिले. तुम्हाला सगळं कळलंय म्हणूनच तुम्ही येत नाही, असं ते धरून चालले होते.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला बोलाव, पण आधी स्प्रिंगचं लिही. ते कळूनही आला, तरच आला म्हणायचं. हे पत्र अजून गेलंही नाही, तरी उत्तराच्या धास्तीने पोस्टमन दिसला की ते आत जातात.

माझ्यावर लोभ असू द्या. बाबांसाठी तो मागायला मला तोंड नाही.
छोटी